बालरोग वॉर्डात बॅच घेऊन जाताना: नव्या ट्यूटरसाठी

वॉर्डात चार-पाच वर्षं काढून तुम्ही नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून लागता आणि एक दिवस प्राचार्य मॅडम सांगतात, "सोमवारपासून पिडियाची पोस्टिंग तुमच्याकडे." बॅच जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाची असेल, नाहीतर बीएस्सीच्या पाचव्या सेमिस्टरची. मोठ्यांचे वॉर्ड करून आलेल्या या मुलींना टीपीआर (तापमान, नाडी, श्वसन) येतो, इंजेक्शन येतं, चार्टिंग येतं. निदान त्यांना तसं वाटतं. आपल्यालाही वाटतं. (मुलीच म्हणतेय, पण हल्ली बॅचमध्ये मुलगेही असतात आणि बाळं त्यांच्याकडे मजेत राहतात. त्यांना कोपऱ्यात उभं करू नका.)

माझ्या पहिल्या बॅचच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. आठ कॉट, आठ मुलं, आणि टीपीआर शीटवर आठही जणांचं श्वसन २४. राउंडला आलेल्या निवासी डॉक्टरांनी शीट बघितली, काही बोलले नाहीत. सात महिन्यांच्या एका बाळाचं झबलं वर केलं, मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "मोजा, मॅडम." बाळ श्वास आत घेत होतं तेव्हा बरगड्यांखाली खळगा पडत होता. मिनिटाला ६४. शीट भरणारी मुलगी रडकुंडीला आली, पण चूक तिची थोडी आणि माझी जास्त होती. तिला हात लावायला शिकवलं होतं, बघायला शिकवलंच नव्हतं.

पुढचं सगळं त्या दिवसापासून जमवत आणलेलं आहे.

१. पोस्टिंगच्या आधीचा आठवडा

परवानगीचं पत्र अधिसेविका (मेट्रन) कार्यालयात पोचलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. स्वतः जाऊन वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांना भेटा. त्यांच्या सोयीची वेळ विचारा, औषधाच्या वेळा लिहून घ्या, आणि मुलींनी काय करायचं नाही हे त्यांच्याच तोंडून ऐका. तुमच्या क्लिनिकल रोटेशन प्लॅनपेक्षा ही यादी जास्त उपयोगी पडते.

कागदपत्रं: परवानगी पत्राची प्रत, रोटेशन प्लॅन, मुलींची ओळखपत्रं, लॉगबुक, हिपॅटायटिस बी लसीच्या नोंदी. कांजिण्या आणि गोवर कोणाला होऊन गेलेत किंवा लस झालीय, हेही विचारून ठेवा. ज्या मुलीला सर्दी, ताप, तोंडावर नागीण किंवा हाताला पिकलेली जखम असेल, तिला त्या दिवशी लायब्ररीत बसवा. हजेरी भरत नाही म्हणून तापात ड्यूटीला येणाऱ्या मुली असतात. बाळांच्या बाबतीत इथे तडजोड नको.

सोबतची पिशवी: सेकंदकाटा असलेलं घड्याळ प्रत्येकीकडे (मोबाइल चालणार नाही), बाळांचा स्टेथोस्कोप निदान दोन, डिजिटल थर्मामीटर, मापाची टेप, दंडाचा घेर मोजायची पट्टी, १ आणि २ मिलीच्या सिरिंजा सरावासाठी, कॅल्क्युलेटर एकच आणि तो तुमच्याकडे. आणि एक खुळखुळा. धुता येणारा. लोकरीचं अस्वल आणू नका, ते एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर जंतू नेतं.

२. पहिला दिवस: हात मागे

पहिल्या दिवशी मी मुलींना एकेका कॉटजवळ अर्धा तास नुसतं बसवते. हात मागे बांधून. वही नाही, थर्मामीटर नाही. अर्ध्या तासाने विचारते: बाळाचा रंग कसा होता? नाकपुड्या फुलत होत्या का? कुठल्या हाताने खेळणं धरलं? आई उठून गेली तेव्हा काय केलं? पहिल्यांदा उत्तरं येतात, "मॅडम, झोपलं होतं." दुसऱ्या अर्ध्या तासानंतर उत्तरं बदलतात.

मग श्वसन मोजायचं. बाळ शांत असताना, आईच्या मांडीवर, झबलं वर करून, पूर्ण ६० सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं बाळांमध्ये चालत नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसतो. मध्येच भराभर, मध्येच क्षणभर थांबतो. हे आकडे मुलींकडून इतके घोटून घ्या की झोपेतही सांगता आले पाहिजेत:

- २ महिन्यांच्या आतलं बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. पुन्हा एकदा मोजा.
- २ महिने ते १ वर्ष: ५० किंवा जास्त.
- १ ते ५ वर्षं: ४० किंवा जास्त.

आयएमएनसीआयच्या (आजारी बाळांच्या तपासणी-उपचाराच्या सरकारी पद्धतीच्या) तक्त्यात हेच आहेत. तक्ता भिंतीवर असतो, पण भिंतीकडे कोणी बघत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने मोजता न येणाऱ्या दायांसाठीही श्वास मोजण्याचं साधन केलं होतं, मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. पुढे त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. बॅचमधली एखादी "मॅडम, मोजायला किती वेळ जातो" म्हणाली की मी हे सांगते. पुढे कोणी कुरकुरत नाही.

तपासायचा क्रमही शिकवावा लागतो. मोठ्या माणसाला आधी थर्मामीटर लावतो, मग नाडी, मग श्वसन. बाळात उलटं. आधी श्वसन, मग स्टेथोस्कोपने छातीवर हृदयाचे ठोके, तेही पूर्ण मिनिट. मग काखेतलं तापमान, मग वजन. घसा आणि कान अगदी शेवटी. एकदा बाळ रडलं की श्वसनही वाढतं, ठोकेही वाढतात, आणि तुम्ही लिहिलेला आकडा रडण्याचा असतो, आजाराचा नाही.

३. आईकडून शिकायला लावा

आई कॉटच्या बाजूला बसलेली असते आणि आमच्या मुली तिला वळसा घालून बाळाकडे जातात. ही सवय पहिल्याच दिवशी मोडा. आधी आईशी बोलायचं, नाव विचारायचं, "ताई" म्हणायचं. "ए बाई, सरक" असं वॉर्डात कानावर पडतं. आपल्या मुलीच्या तोंडी ते ऐकलं तर तिथल्या तिथे थांबवा.

प्रश्न पुस्तकी नकोत. "युरिन आउटपुट कसं आहे?" याला आई "बरं आहे" म्हणणार. "सकाळपासून किती दुपटी ओली झाली?" असं विचारलं की नीट आकडा मिळतो. "फीडिंग घेतंय का?" ऐवजी "अंगावर घेतल्यावर ओढतंय का, की लगेच सोडून देतंय?" जुलाब लागलेल्या बाळाची टाळू खोल गेलीय, हे आजीला विद्यार्थिनीच्या आधी दिसलेलं असतं. रोज तेल लावून टाळू भरणारा हात तिचा आहे.

गळ्यातला काळा दोरा, कमरेची साखळी, गालावरची तीट यांना हात लावायचा नाही. काम अडत असेल तर आईला विचारून बाजूला करायचं. डोळ्यांतलं काजळ आणि बाळगुटी यांबद्दल बोलावं लागतंच. पण आल्या आल्या नाही, आणि सासूसमोर सुनेला तर मुळीच नाही.

४. औषधाचा हिशोब

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मोठ्यांच्या वॉर्डात "एक गोळी" म्हणून भागतं, इथे प्रत्येक डोस वजनावर. म्हणून आजचं वजन. कालचं नाही, आईने सांगितलेलं नाही, अंदाजाने तर अजिबात नाही. वजनकाटा आधी शून्यावर आणायचा, बाळाचे कपडे आणि लंगोट काढायचा, आयव्हीची (सलाईनची) पट्टी असेल तर तसं लिहायचं.

वॉर्डात नेण्याआधी वर्गात हे गणित फळ्यावर सोडवून घ्या. बाळ ८ किलोचं. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२० मिलिग्रॅम. आता बाटली कोणती?

- ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ४.८ मिली.
- ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं असेल तर २.४ मिली.
- १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर १.२ मिली.

औषध तेच, नाव तेच, आणि तीन आकडे. ज्या मुलीने ड्रॉप्सच्या बाटलीतून ४.८ मिली भरलं तिने ४८० मिलिग्रॅम दिलं, म्हणजे चौपट. मी तीनही रिकाम्या बाटल्या टेबलावर ठेवते आणि लेबल मोठ्याने वाचायला लावते. दरवर्षी निदान दोघी जणी ड्रॉप्स आणि सिरपला एकच समजतात. घरी आयाही समजतात. म्हणून डिस्चार्जच्या वेळी बाटली हातात घेऊन दाखवायची.

लिहिण्याचे दोन नियम. ०.५ लिहायचं, नुसतं .५ नाही, कारण टिंब पुसट झालं की ५ होतं. आणि ५.० लिहायचं नाही, कारण तेच टिंब गेलं की ५० होतं. प्रत्येक डोस दोघींनी वेगवेगळा काढायचा, उत्तरं जुळली तरच तुमच्याकडे यायचं. एकीचा बघून दुसरीने मान हलवणं म्हणजे तपासणं नव्हे.

सलाईनचंही तसंच. पहिल्या १० किलोंना किलोमागे दिवसाला १०० मिली, पुढच्या १० किलोंना ५०, त्यापुढे २०. आठ किलोच्या बाळाला ८०० मिली, म्हणजे तासाला साधारण ३३. मायक्रोड्रिप (बारीक थेंबांच्या) सेटमध्ये ६० थेंबांचा १ मिली होतो, त्यामुळे तासाचे मिली तेवढेच मिनिटाचे थेंब: ३३. हे कळलं की मुली खूश होतात आणि तिथेच गाफीलही होतात. साधा सेट लावलेला असेल तर हा हिशोब लागू नाही, म्हणून आधी सेटच्या पाकिटावरचा आकडा वाचायचा. ब्युरेटमध्ये (बाटलीखालच्या मापाच्या नळकांड्यात) एक-दोन तासांपुरतंच पाणी भरायचं. बाटली थेट जोडून कोणी चहाला गेलं आणि बाळाने हात झटकून थेंब वाढले, तर तासाभरात काय होईल ते मुलींकडूनच काढून घ्या.

५. सुई

विद्यार्थिनीने डोक्याची शीर शोधायची नाही. तिने बाळ धरायचं, आणि धरणं हे अर्धं काम आहे. दुपट्यात गुंडाळून एकच हात किंवा पाय बाहेर, सांध्याच्या वर आणि खाली आधार, चेहरा दिसता ठेवून. नाक-तोंड दुपट्याखाली गेलंय हे कामाच्या नादात कळत नाही, म्हणून एकीचं काम फक्त चेहऱ्याकडे बघणं.

इंजेक्शन तान्ह्या बाळाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधल्या भागात. कुल्ल्यात नाही. तिथला स्नायू चालायला लागल्याशिवाय भरत नाही आणि मोठा मज्जातंतू जवळ असतो.

शक्यतो टोचणं कॉटवर करू नका, प्रोसिजर रूममध्ये न्या. कॉट ही मुलाची वॉर्डातली एकमेव सुरक्षित जागा असते. "काही दुखणार नाही हं" असं खोटं सांगायचं नाही. चार वर्षांच्या मुलाला एकदा फसवलंत की पुढचे पाच दिवस तो कोणाच्याच हाती लागत नाही. "मुंगी चावल्यासारखं होईल, रडलास तरी चालेल, पाय मात्र हलवायचा नाही" हे चालतं. आणि "गप्प बस, नाहीतर सिस्टर सुई टोचेल" ही आयांची धमकी कानावर आली की हसून सोडू नका. आईला शांतपणे सांगा की अशाने तो आम्हाला औषधसुद्धा पाजू देणार नाही.

६. एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा कक्ष)

नवजात कक्षात एका वेळी दोन-तीनच मुली. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ बाहेर, नखं कापलेली, कोपरापर्यंत हात धुणं पूर्ण दोन मिनिटं, आणि तुम्ही स्वतः सगळ्यांच्या आधी. तुम्ही तीस सेकंदांत उरकलंत तर त्या वीसमध्ये उरकतील.

इथे शिकवायची पहिली गोष्ट ऊब. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस. पण थर्मामीटरआधी हाताची पाठ वापरायला शिकवा: पोट गरम आणि तळवे गार, तर बाळाला थंडी वाजू लागलीय. दोन्ही गार, तर ताबडतोब सिस्टरांना हाक. टोपी, मोजे, आणि आईची प्रकृती बरी असेल तर कांगारू पद्धतीने तिच्या छातीशी. काही मुली आईला अवघडायला नको म्हणून पळ काढतात, पडदाही न लावता. पडदा लावायचा, खुर्ची मागे कलती करायची, बाळाची मान एका बाजूला वळवून नाक मोकळं आहे ना ते बघायचं आणि मग थांबून राहायचं.

बोंडल्याने (चोचीच्या छोट्या भांड्याने) दूध पाजणं सोपं दिसतं. इन्चार्ज सिस्टर त्याला 'पलाडाई' म्हणतील. तुमच्या आजीने वापरलेलं बोंडलं तेच. बाळ अर्धवट बसतं धरायचं, टोक ओठाच्या कोपऱ्यात, थोडंसं ओतून गिळायची वाट बघायची. घाईने ओतलं की ठसका, आणि ठसक्यातून दूध श्वासनळीत. माझी एक विद्यार्थिनी २० मिलीला पंचवीस मिनिटं घ्यायची आणि सगळ्या तिला हसायच्या. तिच्या हातून एकाही बाळाला ठसका लागला नाही.

बॅग-मास्क (तोंडावर मास्क धरून फुगा दाबत श्वास देणं) फक्त पुतळ्यावर. मिनिटाला ४० ते ६० श्वास, "दाब, दोन, तीन" असं मोठ्याने म्हणत. छाती उचलली जात नसेल तर जोर वाढवायच्या आधी मानेची ठेवण आणि मास्क चेहऱ्यावर बसलाय का ते बघायचं.

आणि आत शिरल्यावर आग विझवायचं सिलिंडर कुठे आहे, मेन स्विच कुठे, बाहेर पडायचा दुसरा दरवाजा उघडतो का, हे प्रत्येकीने बोट दाखवून सांगायचं. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. तेव्हापासून माझ्या ओरिएंटेशनमध्ये हे पहिल्या दहा मिनिटांत येतं.

७. हेल्थ टॉक, लसीकरण, वाढीची नोंद

हेल्थ टॉकसाठी चकचकीत चार्ट करण्यात मुलींचे दोन दिवस जातात आणि आया चार्टकडे बघतही नाहीत. त्याऐवजी ओआरएसचं पाकीट, १ लिटरची पाण्याची बाटली आणि एक पातेलं न्या. एका आईलाच करायला लावा. बहुतेक जणी पेलाभर पाण्यात अर्धं पाकीट टाकतात, कारण बाळ पितंच किती. ते पाणी जास्त खारट होतं आणि बाळाला घातक. पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर, २४ तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

लसीकरणाच्या सत्रात मुलींना टोचायची घाई असते. आधी अर्धा दिवस आइस पॅक, कुपीवरचा व्हीव्हीएम (लस उष्णतेने खराब झाली का ते रंगाने दाखवणारी खूण) आणि उघडल्याची वेळ एवढंच बघू द्या. बीसीजी (क्षयाची लस) आणि एमआर (गोवर-रुबेलाची) द्रावण केल्यापासून चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. लस दिल्यावर अर्धा तास थांबवायचं, आणि आईला चार गोष्टी सांगायच्या: कुठली लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढची तारीख, कार्ड जपून आणा.

वाढ आणि विकासाची नोंद आजारी बाळावर करून घेऊ नका. न्यूमोनिया झालेलं नऊ महिन्यांचं बाळ बसेनासं होतं, आणि मुलगी प्रामाणिकपणे "विकास मागे" लिहून मोकळी होते. त्यासाठी अंगणवाडीत न्या किंवा लसीकरणाला आलेली बाळं घ्या. दंडाचा घेर तिथेच शिकवा: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. पट्टी करकचून ओढली की निरोगी मूलही पट्टीवरच्या लाल, म्हणजे कुपोषणाच्या, रंगात जातं.

लॉगबुकवर सही त्याच दिवशी, प्रोसिजर डोळ्यांनी बघितली असेल तरच. शेवटच्या दिवशी चाळीस सह्या मागायला रांग लागते आणि आपण दयेपोटी करतो. मीही केल्यात. नका करू.

८. वॉर्डात बाळ गेलं तर

चार आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये हे होऊ शकतं, आणि त्याची तयारी कुठल्याच प्लॅनमध्ये लिहिलेली नसते.

गर्दी करू देऊ नका. ज्या मुलीकडे ते बाळ होतं तिला एकटीला हॉस्टेलवर पाठवू नका. ती तिथे जाऊन दार लावून बसते. तिला जमणार असेल तर शेवटचं काम तुमच्याबरोबर करू द्या. माझ्या एका विद्यार्थिनीने त्या दिवशी बाळाच्या पायाची चिकटपट्टी कोमट पाण्याने भिजवून सोडवली, इतक्या हळू, की जणू अजून दुखेल. आई बघत होती. मग तिनेच आईला विचारलं, "ताई, कोणतं झबलं घालू?" आईने पिशवीतून पिवळं काढून दिलं.

त्या बाळावर केस स्टडी लिहायला लावू नका, फाइल कितीही चांगली असली तरी. संध्याकाळी मुलींना एकत्र बसवा. ज्यांना बोलायचं त्या बोलतील, ज्यांना नाही त्या चहा पितील. "असं मनाला लावून घेतलं तर नर्सिंग कसं करणार?" हे वाक्य कोणी म्हणायच्या आधी तुम्ही विषय हातात घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीला त्याच वॉर्डात आणा, पण दुसऱ्या रांगेत, उद्या-परवा घरी जाणार असलेल्या बाळाकडे लावा. थर्मामीटर काढून घ्या. पहिला अर्धा तास पुन्हा नुसतं बसायचं.